उजव्या हातातली जागा

मी बॅटरी बोलतेय. तीन सेलची, स्टीलची, बुडाशी पोचा आलेली. शाळेच्या पुस्तकात मला विजेरी म्हणतात असं ऐकून आहे, पण त्या नावानं मला आजवर कुणी हाक मारली नाही आणि मारली असती तरी मी ओ दिली नसती.

आधीच सांगून टाकते, ही गोष्ट मत्सराची आहे. वस्तूंना मत्सर नसतो असं माणसांना वाटतं. माणसांना बरंच काही वाटतं.

माझी एक अडचण लक्षात ठेवा. मला दिसतं ते फक्त माझ्या स्वतःच्या उजेडात. बटण पुढे सरकलं की जग असतं, मागे आलं की नुसते आवाज. आणि ज्याच्या हातात मी असते, त्याच्याकडे माझी पाठ. तो बघेल तिकडे मी बघायचं.

कारखान्याचं मला काही आठवत नाही. पहिली आठवण टोपीची. सुरगाण्याच्या आठवडे बाजारात, भर दुपारी, मंगळू नावाच्या शेतकऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, मला तिच्यात खुपसलं आणि बटण सरकवलं. उन्हात उजेड कळत नाही म्हणून ही युक्ती. तर मी पाहिलेलं पहिलं जग म्हणजे तेलाचा एक डाग, दोन पांढरे केस आणि गवताचं एक कुसळ. टोपीच्या कडेतून एक डोळा आत आला. "पेटती," मंगळू म्हणाला आणि माझं लग्न लागलं म्हणा ना.

मंगळूकडे मी नागलीच्या, म्हणजे तुमच्या नाचणीच्या, आणि भाताच्या शेतात राखणीला असायचे. रानडुकरं यायची. मंगळू माचावर झोपायचा आणि मी त्याच्या उशाशी. कुठे खुसफुसलं की त्याचा हात झोपेतच मला शोधायचा. असा हात ज्यांनी अनुभवलाय त्यांनाच पुढची गोष्ट कळेल.

डोंगरातली माणसं एकामागे एक चालतात. वाटच तेवढी असते. आता बॅटरी पुढच्याच्या हातात असली तर मागच्याला काय दिसणार? पुढच्याची पाठ. म्हणून मंगळूकडे एक रीत होती. नवा मास्तर असो, गुरांचा डॉक्टर असो, घरी आलेला पाहुणा असो, मंगळू पुढे चालायचा आणि हात कमरेशी घेऊन माझं तोंड मागे वळवायचा. उजेड पाहुण्याच्या पावलांवर, स्वतः काळोखात. "वाट ठाऊक त्यानं अंधारात चालावं," म्हणायचा. "उजेड नव्या पावलाला."

त्याच्या पोरानं, मनोजनं, हे लहानपणापासून पाहिलं होतं. रीत चांगलीच आहे. माझ्यावर ती उलटेपर्यंत मलाही चांगली वाटायची.

मनोजला नाशिकजवळच्या विद्यापीठात, ग्रंथालयात काम लागलं. निघताना मंगळूनं मला त्याच्या पिशवीत घातलं.

"बा, तिथं रस्त्यावर दिवे असतात."

"दिवे त्यांचे. ही आपली."

हे विद्यापीठ टेकड्यांवर पसरलेलं. ग्रंथालय एका टेकडीच्या माथ्यावर, कर्मचाऱ्यांच्या खोल्या दुसऱ्या टेकडीच्या पलीकडे. मधल्या आतल्या रस्त्यानं पंचवीस मिनिटं. आधी उतार, मग पाण्याच्या टाकीचं वळण, खाली नाल्यावरचा फरशीचा पूल आणि शेवटी दम काढणारा चढ. सौरदिवे आहेत. पण ते सरकारी पाहुण्यांसारखे, संध्याकाळी दिमाखात येतात आणि काम पडायच्या वेळेला निघून जातात. रात्री नऊला मनोज वाचनकक्षाला कुलूप लावायचा, एकदा ओढून बघायचा आणि मला हातात घ्यायचा. उजव्या.

चार वर्षं. रोज.

मी खूप पाहिलं त्या रस्त्यावर. माझा उजेड वळणावर पोचला की फरशीच्या कठड्यावर जवळ बसलेली दोघं लगेच हातभर लांब व्हायची आणि परीक्षेबद्दल बोलायला लागायची. फेरफटक्याला निघालेले सर समोरून बाई आल्या की पोट आत घ्यायचे. मोबाइलचा दिवा घेऊन चालणारी पोरं तर रोजची. त्या मोबाइलबद्दल मी फार बोलणार नाही. कपाळावरच्या टिकलीएवढा उजेड आणि मिजास सूर्याची. मनोजच्या खिशातही एक होता, पण वाटेसाठी त्यानं तो कधी काढला नाही. माझा झोत टाकीपासून थेट फरशीपर्यंत जातो. थंडीत मी गार पडले की तो मला बाहीत ओढून घ्यायचा. आम्ही दोघंही फारसं बोलत नव्हतो. बोलायची गरजच काय होती?

मग मार्गशीर्षात त्याचं लग्न झालं.

तिचं नाव संध्या. पेठ गावाकडची. मनोज तिला खोलीवर घेऊन आला तेव्हा मी खिडकीत विझून पडले होते, म्हणून पहिल्यांदा तिच्या बांगड्याच ऐकल्या. त्या वाजायच्या, ती नाही. दिवसाला दहा वाक्यं बोलत असेल. शेजारच्या दोन खोल्यांना कुलपं. मनोज दुपारी बाराला जायचा तो साडेनऊला यायचा, आणि दिवस मावळला की ती दाराला आतून स्टूल लावून बसायची. मी खिडकीतून ऐकायचे ना ते स्टूल सरकताना.

आठ दिवसांनी ती रडली. म्हणजे आवाज आला नाही, पण मनोज म्हणाला, "रडू नको गं."

"मी रडत नाही."

"मग असं कर, सहाच्या बसनं वर ये. पेपर वाचत बस. रात्री आपण संगं येऊ चालत. संक्रांतीला आई येणारच आहे. तोवर बघ. जमलं तर राहा. नाही जमलं तर तिच्यासंगं गावाला जा, मी सुट्टीला येत जाईन."

संक्रांतीला महिनाही नव्हता. मी मनातल्या मनात म्हटलं, नाहीच जमणार तुला बाई.

त्या रात्री मनोजनं कुलूप लावलं, ओढून बघितलं, मला हातात घेतलं. नेहमीसारखी मी समोर बघायला तयार. आणि त्यानं हात कमरेशी नेला आणि माझं तोंड मागे वळवलं.

समोर दोन पावलं. नव्या चपला, नवी जोडवी, नखांच्या कडेला अजून न गेलेली हळद.

मी चार वर्षं ज्याला वाट दाखवली तो आता काळोखात चालत होता आणि मी त्याच्या बायकोची जोडवी उजळत होते. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. माझ्याकडे एकच शब्द आहे. सवत.

रस्ता बस जाईल एवढा रुंद, पण ही दोघं एकामागे एक. सवयच ती. एकदा समोरून दोन विद्यार्थी आले.

"भांडण झालंय वाटतं यांचं," एक हळूच म्हणाला.

"नाही रे, नवीन लग्न आहे. जुनं असतं तर वहिनी पुढे असत्या."

मनोज हसला. त्याचं हसू तळहातातून माझ्या अंगात उतरलं. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आणि मग रोजच व्हायला लागलं. दिवसभर गप्प असणारी ती, अंधारात त्याच्या पाठीशी बोलायला लागली की थांबेचना.

"अहो, ते उंच सर आहेत ना, रोज तोच पेपर उघडतात आणि झोपतात."

"विभागप्रमुख आहेत ते."

"मग बरोबर आहे."

पुन्हा माझ्या अंगात हसू. जळजळ म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, आणि मी बल्बवाली आहे, मला ती आधीपासून माहीत असायला हवी होती.

मग मी एक गोष्ट करायला लागले. माझं बटण जरा सैल होतं. तिचं पाऊल खड्ड्याजवळ, दगडाजवळ आलं की मी डोळा मिटायचे. गच्च अंधार. "अहो!" ती दचकायची. मनोज थांबून मला डाव्या तळहातावर दोनदा आपटायचा, की मी पुन्हा पेटायचे. खरं सांगू? तो मार मला आवडायचा. तेवढा वेळ तरी तो माझा विचार करत असायचा.

संक्रांतीला चार दिवस उरले असताना ती चढावर थांबली. म्हणाली, "मला नाही वाटत हो मला जमेल इथं. खोलीत भीती, वाटेत भीती. ही बॅटरीसुद्धा माझ्यावर रुसते."

मनोज पुढे चालायला लागला. नुसती माझ्यावरची त्याची पकड ढिली झाली.

मी जिंकत आले होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी गोड होतं, पण गोड होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मनोज कामावर गेल्यानंतर, टाकीच्या वळणावर पाइपासाठी रस्ता आडवा खणला. दोन काठ्या पुरल्या, दोरी बांधली, दोरीला पांढऱ्या चिंध्या. उजेड पुढे असता तर त्या लांबूनच दिसल्या असत्या. पण मनोजला वाट ठाऊक होती ना. आणि संध्या आली होती गेटावरून, बसनं, पलीकडच्या रस्त्यानं.

आम्ही उतारावरून येत होतो. ती काहीतरी सांगत होती, तिळाच्या वड्यांचं. तो हसला आणि मी डोळा मिटला.

"काय झालं हिला परत," म्हणत तो मला तळहातावर आपटायला लागला. एरवी तो थांबायचा. त्या दिवशी आपटत आपटतच चालत राहिला. तिसरं पाऊल जमिनीवर पडलंच नाही.

दोरी तुटल्याचा आवाज झाला. मग तो पडल्याचा. मी हातातून उडाले, दगडावर बुडानं आदळले (हा पोचा तेव्हाचा) आणि त्या दणक्यानं आपोआप पेटले. माझा झोत सरळ चरात गेला.

तिथे एक तोंड होतं. मातीनं भरलेलं, दात आवळलेलं, डाव्या भुवईवर जुना व्रण. मला कळायला एक क्षण लागला. हा मनोज. चार वर्षं मी त्याच्या हातात होते आणि त्याचं तोंड मी आज पाहत होते. तेही मी असं केल्यावर.

"मनोज!" संध्या ओरडली. एरवी 'अहो'च्या पुढे न जाणारी.

"पाय गेला गं. टेकवत नाही."

त्याचा मोबाइल अंगाखाली सापडून फुटला होता. तिचा खोलीवर चार्जिंगला लावलेला.

"चढावरच्या गेटावर बुधामामा असतील," मनोज म्हणाला. बुधामामा म्हणजे रात्रीचे पहारेकरी. "पण तू कशी जाणार? थांब. येईल कुणीतरी."

"कोण येईल? सुट्ट्या लागल्यात. सगळी पोरं घरी गेलीत."

"अगं, ती बॅटरी धड चालत नाही!"

ती वाकली आणि तिनं मला उचललं. पहिल्यांदाच. हात ओला, बारीक, आणि पावलागणिक बांगड्या माझ्या अंगावर टणटण वाजत होत्या. चर कडेनं ओलांडून पंधरा-वीस पावलं गेल्यावर तिनं मला तोंडाजवळ धरलं.

"बाई," ती म्हणाली, "तू माझ्यावरच विझतेस. मला ठाऊक आहे. तुझं माझ्याशी काय असेल ते उद्या बघू. आज विझू नको."

तिला कळलं होतं! मंगळूला नाही, मनोजला नाही, हिला. आणि मला कुणीतरी बाई म्हटलं होतं. आजवर माझ्याशी कुणी बोललंच नव्हतं. आपटलं होतं फक्त.

मी विझले नाही. चांगुलपणा नव्हता तो. चरातलं ते तोंड मला दिसत होतं, बस.

फरशीपाशी गवतात दोन हिरवे डोळे चमकले. ती थबकली. या भागात बिबट्या फिरतो असं सगळे म्हणतात, पाहिलेला मात्र नेहमी दुसऱ्यानं असतो. मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून उजेड फेकला. ते डोळे कोल्ह्याचे असतील, मांजराचे असतील. बिबट्याचे असले तरी त्याला तसं कळू द्यायचं नव्हतं. "हाड!" संध्या ओरडली. दिवसाला दहा वाक्यं बोलणाऱ्या बाईचा तसला आवाज मी शेतात मंगळूकडूनही ऐकला नव्हता. डोळे गेले. ती चढ पळत चढली.

"कोण हाय तिकडं?" चौकीतून बुधामामा.

"मी. लायब्ररीतल्या मनोजची बायको. ते चरात पडलेत."

"अन् तू एकली आली? टेकडीवरनं?"

"ही होती ना," ती म्हणाली आणि मला वर धरलं.

पायाचं हाड मोडलं होतं. दीड महिन्याचं प्लास्टर. ग्रंथालयात तोवर दुसऱ्याची सोय झाली.

संक्रांतीला भागीबाई आल्या, मनोजच्या आई. डोक्यावर नागलीचं पीठ, हातात उडदाची पिशवी, असं बोलण्यातून कळलं. पोराच्या पायाची विचारपूस झाली आणि त्यांनी सुनेला सांगितलं, "मी हाय हितं, हा बरा होईस्तोवर. तू गावाला जा. तिकडं तुझा सासरा एकला हाय. अन् तुला हितं भ्या वाटतं म्हणं. लय दिवस काढलेस भिऊन."

संध्याच्या बांगड्या वाजल्या. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. मनोज म्हणाला, "आई, पण..."

आता तुम्ही म्हणाल, मला आनंद झाला असेल. हवं तेच झालं होतं. पण मला सारखं ते 'बाई' आठवत होतं.

तेवढ्यात बुधामामा विचारपूस करायला आले. तिळगूळ तोंडात टाकून म्हणाले, "वहिनी, सून लय खमकी हाय तुमची. बॅटरी घेऊन रात्री टेकडी चढून आली एकली. आमच्यातला एक गडी नाय येत."

"ही?" भागीबाई म्हणाल्या. "कुठली बॅटरी?"

संध्यानं मला खिडकीतून काढून त्यांच्या हातात दिलं. भागीबाईंनी मला फिरवून पाहिलं. मला दिसत नव्हतं, पण ती बोटं मी ओळखली आणि बुडापासून काचेपर्यंत गार पडले.

"अगं बाई! ही सटवी व्हय? माझी सवत ही. सासरा तुझा वीस वर्षं उशाशी घेऊन निजला हिला." मग आवाज उतरवून, "तुझ्यावरबी विझती का गं?"

"विझायची, आत्याबाई."

"माझ्यावरबी विझायची!"

हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. काही गोष्टी राहून जातात.

दोघी हसायला लागल्या त्या थांबेनात. मनोजला काय चाललंय ते कळेना. हसता हसता भागीबाईंनी माझं बूड फिरवून उघडलं, सेल काढले, आतली स्प्रिंग ओढून लांब केली, लाडवाच्या पुड्यातल्या चमकीच्या कागदाची घडी करून बुडाशी बसवली आणि झाकण गच्च आवळलं. "स्प्रिंग ढिली व्हती. मी हे तवाच शोधलं. गड्यांना कळत नाय, ते नुसते आपटत बसतात."

स्प्रिंग! माझ्या सगळ्या मत्सराला त्या बाईनं स्प्रिंग म्हटलं. मी अजूनही ते मान्य केलेलं नाही.

मग त्यांनी मला सुनेच्या मांडीवर ठेवलं. "ट्रंक सरकव जागेवर," म्हणाल्या. "वाट ठाऊक झाली तुला. आता तुला धाडून मी काय करू? मीच परवा जाते. तो म्हातारा तिकडं करपलेल्या भाकरी खात असंल."

हे सगळं जानेवारीतलं. आता प्लास्टर निघालंय, मनोज कामावर रुजू झालाय. चालतो, पण काठी टेकत आणि पाऊल जपून. उतारावर अजून त्याला पायाचा भरवसा नाही. संध्या आता सहाच्या बसची वाट बघत नाही, खोलीवरून चालत येते. रात्री नऊला तो कुलूप लावतो, ओढून बघतो. आणि पुढे ती निघते. मी तिच्या उजव्या हातात, कमरेशी, तोंड मागे.

ती काळोखात चालते आणि माझा उजेड त्याच्या पावलांवर.

चार वर्षं मी त्याच्या मुठीत होते तेव्हा तो मला कधी दिसला नाही. आता रोज पंचवीस मिनिटं दिसतो. डावा पाय टाकताना खालचा ओठ चावतो. चढावर ती हात जरा वर करते तेव्हा तो व्रणही दिसतो. माझी जागा गेली, आणि ती गेली म्हणूनच मला तो दिसला. हा हिशोब मला अजून नीट मांडता आलेला नाही.

मत्सर संपला का? छे. तो बघतो ना, तेव्हा माझ्याकडे बघत नाही. उजेडाच्या वरून, पुढे चाललेल्या तिच्या पाठीकडे बघतो. काळोखात त्याला तिथं काय दिसतं कोण जाणे. मी जळतेच. जळणं हे माझं कामच आहे, आता निदान ते नीट करते. स्प्रिंग ओढल्यापासून एकदाही विझलेले नाही.

तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी पडून असेल तर एवढं करा, तिला आपटू नका. बूड उघडून बघा. आणि जमलं तर कधी तिच्याशी एखादं वाक्य बोला, अगदी रागाचं असलं तरी चालेल.

कुलूप ओढल्याचा आवाज आला. तिचा अंगठा बटणावर आहे. आता मला बोलायला वेळ नाही, तो मागून येतोय.